एकदा बांधलेला गट, अनेक दुकानांच्या फळ्या

या वेळच्या टपालातले सहा प्रश्न एकाच विषयाभोवतीचे आहेत. दुकानातल्या फळ्यांची आखणी संगणकावर करताना वस्तूंचे गट कसे बांधायचे आणि तेच गट पुन्हा कसे वापरायचे, हा तो विषय. म्हणून सगळी उत्तरं एकत्र देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी बंगळुरूला एका परदेशी दुकानसाखळीसाठी काम करते. दिवसभर संगणकावर फळ्यांची चित्रं काढते. तिच्या बोलण्यात 'ग्रुप' हा शब्द सारखा येतो. परवा म्हणाली, "आज एक ग्रुप बदलला आणि सगळ्या दुकानांचे नकाशे बदलले." हे कसं होतं? – एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : तुमची मुलगी जी चित्रं काढते त्यांना त्या व्यवसायात प्लॅनोग्राम म्हणतात. कुठल्या रॅकला किती फळ्या, कुठल्या फळीवर कुठला माल, समोरून त्याचे किती नग दिसायचे आणि त्यामागे किती नग उभे करायचे, हे सगळं त्यात मापानिशी काढलेलं असतं. समोरून दिसणाऱ्या प्रत्येक नगाला 'फेसिंग' म्हणतात. दुकानातली माणसं हे चित्र हातात घेऊन माल लावतात.

अशा चित्राची गरज का पडली, हे समजायला 1916 सालात जावं लागतं. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी 'पिग्ली विग्ली' नावाचं दुकान काढलं. तोवर गिऱ्हाईक काउंटरपाशी उभं राहून यादी सांगे आणि दुकानातला माणूस माल काढून देई. आपल्या गल्लीतलं वाण्याचं दुकान आजही बहुतेक असंच चालतं. साँडर्स यांनी गिऱ्हाइकाला आत सोडलं आणि माल ज्याचा त्याने उचलायचा अशी रचना केली. पुढच्याच वर्षी, 1917 मध्ये, त्यांना या रचनेचं पेटंटही मिळालं. 'हे घेऊन बघा, चांगलं आहे' असं सांगणारा माणूस मधून गेला आणि त्याचं काम फळीकडे आलं. माल डोळ्यांच्या उंचीवर आहे की पायाशी, शेजारी काय आहे, किती जागा व्यापून आहे, यावर विक्री हलू लागली. पुढे साखळ्या वाढल्या, एकाच नावाच्या शेकडो दुकानांत एकसारखे रॅक लावायची वेळ आली, आणि कागदावरची ही आखणी संगणकावर गेली.

आता गटाकडे येऊ. टूथब्रशच्या हुकांची एक पाटी घ्या. त्यात मागचा छिद्रांचा बोर्ड, त्यावरचे हूक, प्रत्येक हुकावरचा ब्रश आणि खालची किमतीची पट्टी एवढ्या वस्तू आल्या. त्या निवडून एकत्र बांधल्या की सॉफ्टवेअर त्यांना एक वस्तू मानतं. उचलली तर सगळी उचलली जाते, सरकवली तर सगळी सरकते. हा झाला गट.

हा गट दुसऱ्या नकाशात न्यायचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग नक्कल. शाळेत वेळापत्रकाच्या झेरॉक्स वाटल्यावर तुम्ही मूळ कागदावर खाडाखोड केलीत, तरी मुलांच्या हातातल्या झेरॉक्स जुन्याच राहतात. दुसरा मार्ग जोडणीचा. तिथे वेळापत्रक सूचनाफलकावर लावलेलं असतं आणि सगळे तिथे येऊन वाचतात. तुमच्या मुलीने जो गट बदलला तो जोडलेला होता. प्रत्येक दुकानाच्या नकाशात त्या गटाची फक्त खूण होती : 'या जागी मूळ गट क्रमांक अमुक दाखव'. मूळ बदललं, म्हणून सगळीकडे नवं दिसलं.

ही कल्पना साठ वर्षांहून जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीतल्या आपल्या पीएच.डी.साठी 1963 साली 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्राम तयार केला. टीएक्स-2 या संगणकाच्या पडद्यावर लाइट पेनने रेषा काढता येत. त्यात 'मास्टर' म्हणजे मूळ आकृती आणि 'इन्स्टन्स' म्हणजे तिची जागोजागी मांडलेली रूपं, अशी विभागणी होती. मूळ आकृतीत बदल केला की तो सगळ्या रूपांत दिसे. संगणकावर चित्र काढण्याची कला ज्या कामातून उभी राहिली, त्याच कामात ही सोय होती. तुमची मुलगी रोज तीच वापरते.

प्रश्न : मी वास्तुरचना शिकतो. ऑटोकॅडमध्ये आम्ही 'ब्लॉक' वापरतो : एक खिडकी काढली की ती हव्या तितक्या ठिकाणी टाकतो. फळ्यांच्या सॉफ्टवेअरमधला गट म्हणजे तेच ना? – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : मूळ तत्त्व तेच आहे. ब्लॉकला एक आधारबिंदू असतो आणि आतल्या सगळ्या रेषांची जागा त्या बिंदूपासून मोजलेली असते. फळ्यांच्या गटाचंही तसंच. गटाचा डावा-खालचा कोपरा आधार धरला, तर आतला हूक 'कोपऱ्यापासून उजवीकडे 12 सेंटिमीटर, वर 40' असा नोंदला जातो. गट कुठेही टाका, हुकाचं गटातलं स्थान बदलत नाही.

फरक पुढे सुरू होतो. ऑटोकॅडमधल्या खिडकीत रेषा असतात. ब्लू यॉन्डरचं स्पेस प्लॅनिंग, नील्सनआयक्यूचं स्पेसमन किंवा रिलेक्स अशा सॉफ्टवेअरमध्ये फळीवरची प्रत्येक वस्तू मालाच्या यादीतल्या एका नोंदीशी बांधलेली असते. त्या नोंदीत बारकोड, लांबी, रुंदी, उंची, पेटीत किती नग, रोजची विक्री असं सगळं असतं. गटात ठेवलेली असते ती फक्त मांडणी : कुठली वस्तू, कुठे, किती फेसिंग, उभी की आडवी.

हिशेब करून पाहा. टूथपेस्टचं खोकं 17 सेंटिमीटर रुंद, 4 उंच आणि 4 खोल आहे असं समजा. फळी 90 सेंटिमीटर रुंद, 40 खोल. खोकी आडवी ठेवली तर शेजारी शेजारी 5 बसतात, 85 सेंटिमीटर व्यापतात. एकावर एक 3 रचली आणि मागे 10 रांगा लावल्या, तर 5 गुणिले 3 गुणिले 10, म्हणजे 150 खोकी. रोज 12 विकली जात असतील तर फळी साडेबारा दिवस पुरते. उंचीकडेही बघा. तीन खोक्यांचे 12 सेंटिमीटर, वर बोटं घालायला 3, फळीची स्वतःची जाडी 3, असे 18 झाले. पण रॅकच्या खांबावरच्या खाचा 5 सेंटिमीटरच्या अंतरावर असतील तर फळी 18 वर बसत नाही, 20 वर बसते. गटात 18 लिहिलं तर चित्र सुबक दिसेल आणि दुकानात कुणालाच ते लावता येणार नाही.

म्हणून खिडकीचा ब्लॉक जसा ताणून मोठा करता येतो, तसा फळीचा गट ताणता येत नाही. 90 सेंटिमीटरचा गट 120 च्या रॅकवर टाकला तर टूथपेस्टचं खोकं लांब होणार नाही. फेसिंग वाढवावी लागेल किंवा नवा माल घ्यावा लागेल, आणि ते ठरवायला माणूस लागतो. आरशासारखं उलटवतानाही सावध राहावं लागतं. दुकानाचं दार डावीकडून उजवीकडे गेलं, तर गिऱ्हाइकाची चाल उलटते आणि नियोजक गट उलटवतो. वस्तूंचा क्रम उलटला पाहिजे, पण खोक्यावरची अक्षरं सरळच राहिली पाहिजेत. गटातला जो भाग दिशेवर अवलंबून आहे तो, म्हणजे बाणाची पाटी, एका बाजूने उघडणारा ट्रे किंवा कोपऱ्याची फळी, आधीच वेगळा काढून ठेवावा.

प्रश्न : सांगली आणि मिरजेत मिळून माझी तीन सुपरमार्केटं आहेत. सॉफ्टवेअर घेतलं आहे. विकणाऱ्याने सांगितलं, "सगळ्याचे ग्रुप करून ठेवा, काम सोपं होईल." पण कशाचा गट करायचा आणि कशाचा नाही? – एक दुकानदार, सांगली

उत्तर : सगळ्याचे गट केलेत तर काम वाढेल. गट म्हणजे एकदा विचार करून घेतलेला आणि पुन्हा पुन्हा वापरायचा निर्णय. जिथे निर्णय एक आहे, तिथे गट एक. जिथे दोन वेगळ्या कारणांनी दोन वस्तू बदलतात, तिथे त्यांना एका गटात कोंबू नका. माझं सारं उत्तर या एका वाक्यात आहे : जे एका कारणाने बदलतं, ते एकत्र बांधा.

हे तुमच्या दुकानाला लावून बघू. रॅक, फळ्या आणि हूक वर्षानुवर्षं बदलत नाहीत. त्यावरचा माल दोन-चार महिन्यांनी बदलतो. किमतीच्या आणि सवलतीच्या पाट्या तर आठवड्याला बदलतात. ही तीन वेगळी कारणं आहेत, म्हणून तीन वेगळे गट : सांगाड्याचा, मालाचा आणि पाट्यांचा. तिन्ही एकत्र बांधले, तर सवलत संपल्यावर पाटी काढायला गेलेला मुलगा चुकून फळीही हलवेल.

दिवाळीचं उदाहरण घ्या. रांगेच्या टोकाला, तोंडाशी असलेल्या रॅकवर उटणं, सुगंधी तेल, अभ्यंगस्नानाचे साबण, पणत्या आणि रांगोळी मांडता. दरवर्षी माल थोडा वेगळा असतो, कुणाचं नवं उटणं येतं, कुणाचं बंद होतं. पण वर हलकं, खाली जड, मधल्या फळीवर साबण, पणत्यांना खोल ट्रे, ही रचना तीच राहते. तेव्हा जपून ठेवायची ती रचना. मालाच्या जागी नाव न टाकता 'साबण, 3 फेसिंग' एवढी रिकामी चौकट ठेवा. पुढच्या वर्षी चौकटी भरल्या की काम झालं. अशा रिकाम्या चौकटींच्या नकाशाला टेम्प्लेट म्हणतात. माझ्या मते छोट्या साखळीला खरा फायदा त्यातूनच होतो.

गटाच्या बाहेर काय ठेवायचं, हेही तितक्याच नेमकेपणाने ठरवा. सांगलीच्या दुकानात हळद आणि बेदाण्यांना जी जागा लागते, ती दुसऱ्या गावात लागेलच असं नाही. स्थानिक मालासाठी रॅकच्या एका कडेला 30 किंवा 40 सेंटिमीटरची पट्टी गटाबाहेर मोकळी सोडा. तिन्ही दुकानांत बाकीचा रॅक एका मूळ गटाला जोडलेला राहील आणि ती पट्टी ज्याच्या त्याच्या व्यवस्थापकाच्या हाती असेल. हे केलं नाही, तर व्यवस्थापक स्थानिक माल बसवायला अख्खा गट फोडतो. गट फुटला की मुळाशी असलेली जोडणी तुटते. पुढचा बदल त्या दुकानात पोचत नाही आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

रुंदीचाही विचार हवा. दुकानांतले रॅक 60, 90 आणि 120 सेंटिमीटरचे असतील तर प्रत्येक रुंदीसाठी वेगळा गट बांधा. आधी सगळ्यात लहान गट बांधा, कारण 60 सेंटिमीटरमध्ये ज्यांना जागा दिलीच पाहिजे ते तुमचे खरे महत्त्वाचे आयटम. मग 90 च्या गटात भर घाला. उलट्या बाजूने, मोठ्यातून काढत गेलात, तर काय काढायचं यावर दरवेळी वाद होतो.

प्रश्न : मी ठाण्याला एका कंपनीत प्लॅनोग्रामचं काम करते. आमच्या लायब्ररीत इतके गट साचलेत की कुठला चालू आणि कुठला जुना ते कळत नाही. सगळे जण नवाच गट बांधतात. यावर उपाय काय? – एक प्लॅनोग्राम अॅनालिस्ट, ठाणे

उत्तर : जुना गट शोधायला नवा बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागला, की माणूस नवाच बांधतो. लायब्ररी वापरात राहावी असं वाटत असेल तर शोधणं सोपं करावं लागतं, आणि त्याची सुरुवात नावापासून होते.

नाव वाचल्यावर फाइल न उघडता चार गोष्टी कळल्या पाहिजेत : माल कुठला, सांगाडा कुठला, रुंदी किती, आवृत्ती कितवी. 'ओरल-ब्रश-पेग-60-व्ही3' हे नाव चालेल. 'अंतिम', 'नवीन अंतिम', 'अंतिम सुधारित' ही नावं चालणार नाहीत. त्यांतलं कुठलं खरं शेवटचं, हे आठवडाभरानंतर नाव ठेवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. क्रम सगळीकडे तोच ठेवा, म्हणजे यादी अक्षरक्रमाने लावली की ब्रशचे सगळे गट शेजारी शेजारी येतील. नावात माणसाचं नाव किंवा दुकानाचं नाव घालू नका. माणूस बदलीवर जातो, गट राहतो.

दुसरी गोष्ट मालकीची. प्रत्येक मूळ गटाला एकच मालक असावा, आणि मूळ बदलण्याचा अधिकार त्यालाच असावा. बाकीच्यांनी गट वापरावा, बदल सुचवावा. जोडलेल्या गटात एका माणसाची दुरुस्ती सगळीकडे पोचते, तशी एका माणसाची चूकही सगळीकडे पोचते. म्हणून बदल करण्याआधी 'हा गट कुठे कुठे वापरला आहे' ही यादी काढायची सवय लावा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ती मिळते. तुमच्यात नसेल तर साधी एक्सेलची शीट ठेवा : गटाचं नाव, मालक, कुठल्या नकाशांत आहे, कधीपासून लागू, कधीपर्यंत लागू.

तिसरी गोष्ट निरोपाची. हंगामी गटाला संपण्याची तारीख लिहा. तारीख उलटली की तो 'जुने' या फोल्डरात जाऊ दे. पुसू मात्र नका. पुढच्या वर्षी तोच हंगाम येणार आहे, आणि गेल्या वर्षी काय मांडलं होतं हे पाहायला त्याहून चांगलं साधन नाही.

गटात गट घालायची सोय असते. ती बेताने वापरा. हुकांचा एक गट, तो ब्रशच्या गटात, एवढं ठीक. त्याच्याही आत तिसरा, चौथा थर गेला, की कुठला बदल कुठून आला हे शोधताना नवा माणूस रडकुंडीला येतो. माझा आग्रह दोन थरांचा आहे.

आणि गट कधी फोडायचा तेही ठरवून ठेवा. एका दुकानात खांब आडवा येतो, एकात वीजजोडणीची पेटी असते. तिथे गट फोडणं भागच असतं. फोडा, पण नाव बदला, नावापुढे 'स्वतंत्र' लिहा आणि शीटमध्ये नोंद करा. फोडलेला गट जुन्याच नावाने वावरत राहिला, तर तो जोडलेला आहे असा समज होतो. लायब्ररीतला सगळ्यात महागडा गोंधळ तिथे सुरू होतो.

प्रश्न : माझं म्हापशाला एकच दुकान आहे. महागडं सॉफ्टवेअर परवडणार नाही. ही पद्धत मला वापरता येईल का? – एक दुकानदार, गोवा

उत्तर : नक्की येईल, आणि सुरुवात कागदावर करावी असं मी सॉफ्टवेअर असलेल्यांनाही सांगेन. आलेखाचा कागद घ्या आणि 1 ला 10 हे प्रमाण धरा. 90 सेंटिमीटरची फळी 9 सेंटिमीटर होईल, 17 सेंटिमीटरचं खोकं 17 मिलिमीटर होईल. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून त्यावर मालाची नावं लिहा. जे एकत्र हलवायचं ते एका मोठ्या पट्टीवर चिकटवा. तो तुमचा गट. रॅकच्या चित्रावर पट्ट्या सरकवून पाहा, पटलं की फोटो काढून ठेवा.

मापं घेताना एक काळजी घ्या. पाकिटावर लिहिलेलं वजन म्हणजे माप नव्हे. पट्टी लावून तिन्ही बाजू मोजा. वेफर्सचं पाकीट फुगलेलं असतं, तेव्हा ते फळीवर उभं करूनच मोजा. हुकावर लटकणाऱ्या मालाची जाडीही मोजा : 20 सेंटिमीटरच्या हुकावर अडीच सेंटिमीटर जाडीचे 8 नग बसतात, नववा घसरून खाली पडतो.

संगणक असेल तर घरात असलेल्या साधनांवरही हे जमतं. पॉवरपॉइंटमध्ये वस्तू निवडून कंट्रोल आणि जी दाबलं की ग्रुप होतो. पण त्याची नक्कल स्वतंत्र असते, मूळ बदलल्याने ती बदलत नाही. जोडणी हवी असेल तर इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर पाहा. त्यात ऑल्ट आणि डी दाबलं की 'क्लोन' तयार होतो आणि मूळ आकृतीतला बदल क्लोनमध्ये दिसतो. त्रिमितीत काम करायचं असेल तर स्केचअपमध्ये दोन्ही प्रकार वेगळ्या नावांनी मिळतात : 'ग्रुप'ची प्रत स्वतंत्र राहते, 'कॉम्पोनंट' एका ठिकाणी बदलला की सगळीकडे बदलतो. यांपैकी कुठलंही साधन विक्रीचा हिशेब करणार नाही. तो तुमच्या वहीत आहेच. एका दुकानाला सुरुवातीला एवढं पुरतं.

प्रश्न : मी एका साखळी दुकानात माल लावतो. वरून आलेल्या नकाशात टूथपेस्टच्या पाच रांगा दाखवतात, पण चारच बसतात. साहेब म्हणतात, "नकाशाप्रमाणे लाव." नकाशा संगणकावर काढलेला असतो, मग तो चुकतो कसा? – एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : तुमचा प्रश्न शेवटी ठेवला, कारण वरच्या सगळ्या उत्तरांची परीक्षा तुमच्या फळीवर होते.

वरती जे खोकं घेतलं होतं, तेच पुन्हा घेऊ. 17 सेंटिमीटर रुंद, पाच फेसिंग, 85 सेंटिमीटर, फळी 90 ची. कंपनीने खोकं थोडं मोठं केलं, साडेअठरा सेंटिमीटरचं. आता पाच खोक्यांना साडेब्याण्णव सेंटिमीटर लागतात. पाचवं बसणारच नाही. चार बसली की 150 ऐवजी 120 खोकी मावतात आणि साडेबारा दिवसांचा साठा 10 दिवसांवर येतो. माल लवकर संपतो आणि त्याचा दोष पुन्हा माल लावणाऱ्यावर येतो.

संगणकाला हे कळलं कसं नाही, याचं कारण बारकोडच्या नियमात आहे. प्रत्येक मालाला एक जागतिक क्रमांक असतो. हे क्रमांक देणाऱ्या जीएस1 या संस्थेच्या भारतातल्या शाखेने, जीएस1 इंडियाने, दिलेले क्रमांक 890 ने सुरू होतात, आपल्याकडच्या बहुतेक पाकिटांवर ते दिसतील. मालात बदल झाला की नवा क्रमांक घ्यायचा की नाही, याचे जीएस1चे जगभर लागू असलेले नियम आहेत. आतल्या मालाचं छापलेलं वजन बदललं तर नवा क्रमांक लागतो. खोक्याची कुठलीही एक बाजू 20 टक्के किंवा अधिक बदलली तरी नवा क्रमांक लागतो. पण बदल त्याहून कमी असेल तर जुनाच क्रमांक चालतो. 17 चे साडेअठरा म्हणजे जेमतेम 9 टक्के. बिलाच्या मशीनवर तोच बारकोड वाजतो, मालाच्या यादीत तीच नोंद राहते, नोंदीतली रुंदी 17 च राहते. गट त्या नोंदीवरून चित्र काढतो, म्हणून पाच खोकी सुखाने बसलेली दिसतात. हा गट जितक्या दुकानांना जोडलेला आहे, तितक्या दुकानांत तुमच्यासारखा एकेक जण पाचवं खोकं हातात घेऊन उभा असणार.

बिलाच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. एक-दोन मिलिमीटरच्या फरकाला नवा क्रमांक द्यायचा म्हटलं तर व्यवहार ठप्प होईल. फळीला मात्र एक सेंटिमीटरही मोठा असतो. ही फट भरून काढायला माणूसच लागतो, आणि ती सगळ्यात आधी ज्याला दिसते तो माणूस तुम्ही आहात.

तुम्ही एवढं करा. खोक्याला पट्टी लावून फोटो काढा, बारकोड दिसेल असा. रॅकचा क्रमांक आणि 'पाच दाखवलीत, चार बसतात' एवढं लिहा. साहेबांना दाखवा आणि नकाशा काढणाऱ्या विभागाकडे पाठवायची विनंती करा. तिकडच्या माणसाने मालाच्या यादीत एक आकडा सुधारला की जोडलेल्या सगळ्या नकाशांत ती वस्तू खऱ्या मापाने दिसेल आणि फळी उतू जाते आहे हे त्यांना पडद्यावर दिसेल. गटाच्या मालकाने मग चार फेसिंग करायच्या, की शेजारचा माल हलवायचा, हे ठरवायचं.

नकाशे काढणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. गट सगळीकडे पाठवण्याआधी एका खऱ्या दुकानात खऱ्या मालाने भरून बघा, आणि भरायला दुकानातल्याच माणसाला बोलवा. तो म्हणेल, हा हूक काढता येत नाही, ही फळी 18 वर बसत नाही, हे खोकं आता मोठं झालंय. त्याच्या या तीन वाक्यांनी बाकीच्या सगळ्या दुकानांची सकाळ वाचते. निर्णय एकदाच घ्यायचा आणि अनेकदा वापरायचा असेल, तर तो एकदा घेताना फळीपाशी उभ्या असलेल्या माणसाचं ऐकून घ्यायलाच हवं. पिंपरी-चिंचवडच्या या वाचकाने तक्रार न करता प्रश्न विचारला. त्याच्या साहेबांनी तो पुढे पाठवावा, एवढी माझी विनंती आहे.